दादर चुकलं तर काय होतं?

वाशिम जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ५९. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. धाकटी बहीण डोंबिवलीला असते. पुढच्या महिन्यात परळच्या एका हॉस्पिटलात तिचं मोठं ऑपरेशन आहे आणि नंतर पंधरा-वीस दिवस तिला तिथेच राहावं लागणार आहे. मेहुण्यांची तब्येत बरी नसते, भाचीची नोकरी नवी. म्हणून दिवसा बहिणीजवळ बसायचं आणि रात्री डोंबिवलीला परतायचं, असं ताईंनी स्वतःहून अंगावर घेतलं आहे. प्रश्न जाण्या-येण्याचा. पुण्यातला मुलगा म्हणतो, "रोज कॅब कर, पैसे मी भरतो, लोकलच्या भानगडीत पडू नकोस." भाची म्हणते, "मावशी, लोकल तुझं काम नाही." ताईंना रोज एवढे पैसे उधळणं पटत नाही. पण वीस वर्षांपूर्वी एका लग्नाला मुंबईत आल्या होत्या, तेव्हा दादरला त्यांना उतरताच आलं नाही. चढणाऱ्यांनी आत रेटलं आणि गाडी थेट भायखळ्याला गेली. नातेवाईक दादरला तासभर खोळंबले. तो किस्सा घरात अजून रंगवून सांगतात. ताई विचारतात: "या वयात लोकल शिकायचा हट्ट करू, की मुकाट्याने कॅबमध्ये बसू? आणि लोकलने गेलेच तर विचारू कुणाला? तोंड उघडलं की लोकांना कळतं, ही गावाकडची आहे."

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात गाडीबद्दल चार ओळी आहेत आणि हसणाऱ्या नातेवाइकांबद्दल जवळजवळ पान भरलं आहे. तेव्हा भीती नेमकी कशाची आहे ते तुमच्याही लक्षात आलं असेल.

आधी ते भायखळा निकालात काढू. तुमची गाडी जलद होती, म्हणजे सगळ्या स्टेशनांवर न थांबणारी. जलद गाडी दादरनंतर बहुधा भायखळ्यालाच थांबते, म्हणून तुम्ही तिथे पोचलात. तिथे उतरून, पूल ओलांडून, उलट दिशेची गाडी धरली की पंधरा-वीस मिनिटांत माणूस परत दादरला. म्हणजे गाडीने तुमची पंधरा-वीस मिनिटं खाल्ली. बाकीचा वेळ गेला तो कुणी कुठे थांबायचं हे ठरलेलंच नव्हतं म्हणून. तुम्ही त्यांना शोधत होतात, ते तुम्हाला. यात तुमच्या अडाणीपणाचा संबंध कुठे आला? दादरला उतरता न येणं हे मुंबईत जन्मलेल्यांनाही होतं. फरक एवढाच की ते घरी जाऊन सांगत नाहीत.

मी स्वतः पहिल्यांदा आले तेव्हा मला वांद्र्याला जायचं होतं. दादरला मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर उभी राहून मी पाऊण तास वांद्र्याच्या गाडीची वाट पाहिली. येणाऱ्या प्रत्येक गाडीवर कल्याण, ठाणे, अंबरनाथ. मला वाटलं, आज वांद्र्याची गाडी रद्द झाली असणार! शेवटी एका कोथिंबीर निवडत बसलेल्या बाईने विचारलं, "कुठं जायचंय गं?" आणि पुलाकडे बोट दाखवलं. वांद्रं पश्चिम रेल्वेवर, पलीकडे. दादरला दोन रेल्वे शेजारी शेजारी आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता निदान आकडे सोपे झालेत. २०२३ च्या डिसेंबरपासून दादरचे प्लॅटफॉर्म सलग मोजतात: १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ पासून पुढे १४ पर्यंत मध्य.

सांगायचं हे की लोकलमध्ये चुका दोन जातींच्या असतात. एक जात स्वस्त: चुकीच्या गाडीत बसणं, स्टेशन मागे पडणं, जलदऐवजी धीमी धरणं, पूर्वेऐवजी पश्चिमेला बाहेर पडणं. या चुकांची किंमत दहा मिनिटं, वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. गाड्या दर थोड्या मिनिटांनी असतात. आपल्याकडे सकाळची एसटी चुकली की दिवस गेला, तो हिशेब इथे लागू नाही. दुसरी जात महाग: सुटलेली गाडी पळत धरणं, थांबायच्या आत उतरणं, दारात उभं राहणं, पूल चढायचा कंटाळा म्हणून रूळ ओलांडणं. यांना माफी नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही वर्षाला दोन हजारांवर माणसं जीव गमावतात, आणि त्यांतली मोठी संख्या रूळ ओलांडणाऱ्यांची आणि गाडीतून पडणाऱ्यांची असते. तुमच्याच मार्गावर, मुंब्र्याला, ९ जून २०२५ रोजी सकाळच्या गर्दीत गाड्यांच्या दारांतली माणसं खाली पडून दगावली. गंमत बघा, नवखा माणूस पहिल्या जातीला घाबरतो आणि मुरलेला दुसऱ्या जातीला घाबरेनासा होतो. तुम्ही फक्त उलटं करा. स्टेशन चुकलं तर चुकू द्या. गाडी हलली असेल तर जाऊ द्या.

आता तुमच्या दोन सल्लागारांकडे वळते.

मुलाचं प्रेम खरं आहे, पण त्याने डोंबिवली ते परळ हा रस्ता सकाळी नऊ वाजता पाहिलेला दिसत नाही. चाळीसेक किलोमीटर, शीळफाट्याकडून जा नाहीतर कसंही जा, ठाणं-मुलुंडची रांग कुठेतरी गाठतेच. दीड तास लागला तर नशीब, दोन-सव्वादोनही लागतात. धीमी लोकल हेच अंतर तास-सव्वा तासात कापते, आणि ती किती वाजता पोचेल हे साधारण आधी सांगता येतं. पैशाचं बोलायचं तर एका बाजूच्या कॅबभाड्यात लोकलचा दोन-तीन महिन्यांचा पास निघावा. आणि रोज दोन-दोन तास अनोळखी ड्रायव्हरच्या मागे एकटीने बसणं म्हणजे आपोआप सुरक्षित, आणि भरल्या दुपारी बायकांच्या डब्यात चाळीस जणींत बसणं म्हणजे धोका, हे समीकरण मला काही पटत नाही.

तरी कॅबला सरसकट नाही म्हणू नका. बहिणीला घरी आणायच्या दिवशी कॅबच. रात्री उशीर झाला, धो धो पाऊस लागला, तुमचीच पाठ धरली, तर कॅबच. त्याला सांगा, "पैसे ठेव बाजूला, मला चार-पाच वेळा लागतील." त्यालाही बरं वाटेल.

भाची चुकीचं सांगत नाही, अर्धवट सांगते आहे. ती पाहते ती सकाळी सव्वाआठची लोकल. त्या लोकलला मीही तुम्हाला पाठवणार नाही. पण लोकल म्हणजे तेवढी एकच वेळ नव्हे. सकाळी साधारण आठ ते अकरा सगळी गर्दी मुंबईच्या दिशेने वाहते, संध्याकाळी पाच ते नऊ उलट, घराकडे. तुम्ही दोन्ही वेळा नेमक्या प्रवाहाबरोबरच जाणार आहात, हा तुमच्या बेतातला खरा अडचणीचा भाग आहे. तो वयाचा नाही, घड्याळाचा आहे. अकराच्या पुढे डोंबिवलीहून निघालात आणि चारच्या आत परळहून, तर बहुतेक दिवशी बसायला जागा मिळेल. मुंब्र्याचा डोंगर, वरची देवी, खाडी, सगळं खिडकीतून बघत जाल.

हॉस्पिटलच्या वेळा याच्याशी जुळणार नाहीत असं म्हणाल. म्हणून भाचीशी एकदा नीट बोला. तिचं ऑफिस कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. वाटेत असेल तर सकाळचा डबा ती पोचवू शकते आणि तुम्ही दुपारी जाऊन बसू शकता. की सगळं एकटीनेच करायचं असं तुम्ही मनात ठरवून टाकलंय? शिक्षकांना ती सवय असते, माझी आईही शिक्षिका होती. दुसरं, ऑपरेशनचे पहिले चार-पाच दिवस रात्री डोंबिवलीला परतायलाच हवं का? रुग्णाजवळ एकाला राहू देतात का, ते वॉर्डात विचारा. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे परगावच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय होते. बाबा आपल्या वऱ्हाडचे, तेव्हा तुम्हाला परकं वाटायचं कारण नाही. जागा मिळेल की नाही ते हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आधीच विचारून ठेवा, आयत्या वेळी नको.

सकाळचीच गाडी धरावी लागली तर डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल धरा. ती रिकामी लागते, म्हणजे लागते तेव्हा रिकामी असते. दोन मिनिटांनी नसते. संध्याकाळी तसंच परळहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, २०१९ पासून. त्यांच्या वेळा एका कागदावर उतरवून घ्या. एक गाडी गेली तर पुढची परळहूनच सुटणारी गाडी येईपर्यंत प्लॅटफॉर्मवर बसा, पण भरून आलेल्या गाडीत घुसू नका. डोंबिवलीकरांची आणखी एक युक्ती आहे: उलट्या गाडीने मागे कल्याणला जायचं आणि तिथून बसून यायचं. हसू नका, लोक वर्षानुवर्षं हे करतात.

यासाठी आणि इतरही कारणासाठी माझं ऐका: पास डोंबिवली ते परळ असा काढू नका. कल्याण ते सीएसएमटी असा काढा. फरक थोडा पडेल. पण परळ चुकून पुढे गेलात, किंवा संध्याकाळी डुलकी लागून कल्याण आलं, तरी तुम्ही विनातिकीट ठरत नाही. टीसीने धरलं तर किमान अडीचशे रुपये दंड आणि वर भाडं, आणि त्याहून वाईट म्हणजे चार लोकांत ओशाळवाणं होणं. चूक स्वस्त ठेवायची तर तिची सोय आधीच करून ठेवावी. पासासाठी फोटो-ओळखपत्र न्या. पहिल्या एक-दोन दिवसांसाठी साधं तिकीट पुरे, एका बाजूचं वीस रुपयांच्या आतच येतं. खिडकीला रांग असेल तर यंत्राशी बऱ्याचदा मदतीला माणूस उभा असतो, त्याच्या हातात पैसे दिले की तो तिकीट काढून देतो. मोबाइलवरही निघतं, पण पहिल्याच दिवशी तीन नव्या गोष्टी शिकायच्या नसतात, हे तुम्हाला मी काय सांगावं.

आता विचारण्याबद्दल. यावर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण गाडीपेक्षा हीच गोष्ट तुम्हाला अवघड जाणार आहे.

तुम्हाला वाटतं, विचारलं की आपण बाहेरचे हे उघडं पडतं. एकदा दुपारी प्लॅटफॉर्मवर दहा मिनिटं नुसतं कान देऊन उभ्या राहा. रोजचा पास काढलेली माणसंसुद्धा विचारत असतात: "स्लो आहे ना?" "ठाणा थांबेल?" "पंधरा डबा आहे का?" गाडी आयत्या वेळी दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर वळवतात, जलद गाडी एखाद्या दिवशी धीमी होऊन येते, कुणालाच सगळं माहीत नसतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा तर आतले सगळेच नवखे होते. बहुधा एकमेकांना विचारतच गेले असतील.

गावाकडची ओळख विचारल्याने नाही, विचारायच्या पद्धतीने पटते. आपण विचारतो ते असं: "अहो, मला जरा परळला जायचं होतं, बहीण हॉस्पिटलात आहे, तर ही गाडी तिकडे जाईल का हो, की दुसरी कुठली?" तोवर गाडी सुटलेली असते. मुंबईकर तुसडा नाही ताई, त्याच्याकडे वाक्य ऐकायला वेळ नाही. त्याला दोन शब्द द्या: "परळ थांबेल?" तोही दोन शब्द देईल: "थांबेल, चढा." बहीण, हॉस्पिटल, वाशिम हे सगळं आत बसल्यावर शेजारणीला सांगा. ती मग स्वतःच्या सासूच्या ऑपरेशनपर्यंत जाईल.

आणि "ही गाडी कुठे जाते?" असं विचारू नका. तुम्हाला कसाऱ्याशी काय करायचंय? तुमच्या स्टेशनाचं नाव घेऊन विचारा. दारातल्या माणसाला नाही, आत बसलेल्याला किंवा प्लॅटफॉर्मवर शांत उभ्या असलेल्या बाईला विचारा. शंका वाटली तर दुसऱ्या कुणाला. दोन उत्तरं जुळली की चढा.

इंडिकेटर, म्हणजे प्लॅटफॉर्मवरची येणाऱ्या गाडीची पाटी, वाचायला शिकलात की निम्मे प्रश्न विचारावेच लागणार नाहीत. त्यावर गाडी कुठवर जाणार, किती वाजताची, किती डब्यांची, जलद की धीमी, एवढंच असतं. पण तिथे कधी पूर्ण नाव असतं, कधी नुसतं इंग्रजी अक्षर, आणि अक्षरांचं गणित विचित्र आहे. कल्याणला के, इथवर ठीक. पण कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस. कल्याणच्या पुढे एक फाटा उत्तरेकडे कसाऱ्याला जातो आणि दुसरा दक्षिणेकडे कर्जतला, म्हणून नॉर्थ आणि साउथ. संध्याकाळी परळहून तुम्हाला यांतलं काहीही चालतं: कल्याण, कसारा, कर्जत, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा. सगळ्या डोंबिवलीवरूनच जातात. फक्त ठाणा आणि कुर्ला लिहिलेल्या सोडा, त्या अलीकडेच संपतात. सकाळी तर गाडी धीमी आहे आणि परळच्या आधी संपत नाही, एवढंच बघायचं. जलद गाडीचं धाडस पहिल्या आठवड्यात नको. परळला धीमी हमखास थांबते, आणि आपला घोटाळा जलद गाडीपासूनच सुरू झाला होता ना?

चढण्या-उतरण्याचं आता अगदी बारकाईने सांगते.

बायकांचे डबे गाडीत ठरलेल्या जागी असतात. ते कुठे येतात ते भाचीकडून एकदा बघून घ्या, खांब किंवा स्टॉल लक्षात ठेवा आणि रोज तिथेच उभ्या राहा. चार दिवसांत तिथल्या बायका ओळखू लागतील, मग विचारायचा प्रश्नच मिटला. पहिल्या वर्गाचा डबा बाहेरून जवळजवळ तसाच दिसतो. दारालगतची पाटी आणि पट्टे बघूनच चढा, नवखी माणसं दंड भरतात ते बहुधा इथे. एसी लोकलचं तिकीटही वेगळं आणि बरंच महाग असतं. दारं आपोआप बंद झाली की समजा, चुकलात.

पर्स पोटाशी, पदर खोचलेला, डब्याची पिशवी हातात नाही तर खांद्याला, एक हात कायम मोकळा. दारातल्या मधल्या खांबाला धरून चढायचं आणि लगेच आत सरकायचं. उतरणारे उतरू द्या, मग चढा, हे वाचायला छान आहे. गर्दीच्या वेळी पाळणारे थोडे. दुपारी पाळतात.

बसायला मिळालं नाही तर एखादीला विचारा, "कुठे उतरणार?" हा इथे उद्धटपणा नाही, रीत आहे. ती म्हणाली "घाटकोपर", की ती जागा तुमची झाली. घाटकोपरला ती उठेपर्यंत आजूबाजूची कुणीही त्या जागेवर हक्क सांगणार नाही. इतका काटेकोर, कागद नसलेला व्यवहार मी दुसरीकडे पाहिला नाही. तिघींच्या बाकावर चौथी बसते, तीही रीतच. अर्धीच बसते, अर्धी वाटेत.

उतरण्याची तयारी दोन स्टेशनं आधी. डोंबिवलीहून येताना शीव गेलं, माटुंगा आलं की उठा. मग दादर, मग परळ. पण दादरला नेमक्या दारात उभ्या राहू नका; तिथे उतरणारे इतके असतात की न मागता तुम्हालाही उतरवतील. (वीस वर्षांपूर्वी उलटं झालं होतं, माहीत आहे मला.) दादरची गर्दी उतरून गेली की पुढे सरका. पुढे उभी असलेलीला हळूच विचारा, "परळ?" तिने मान हलवली तर तिच्या मागे राहा, नाही म्हणाली तर ती स्वतःच तुम्हाला पुढे घेते. आणि विचारा, "कुठल्या बाजूला येणार?" प्लॅटफॉर्म डावीकडे की उजवीकडे हा लोकलमधला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. आतला माणूस तुम्हाला जुनी समजतो तो हा प्रश्न विचारल्यावर, कारण नवख्याला तो सुचतच नाही. तुम्ही दादरला अडकलात तेव्हा बहुधा उलट्याच दाराशी उभ्या असाल.

परळला पुलावर "प्रभादेवी" अशी पाटी दिसली तर तिकडे वळू नका, ते पश्चिम रेल्वेचं स्टेशन. परळची मोठी हॉस्पिटलं बहुतेक पूर्वेला. पूर्व-पश्चिम कळायची खूण अशी: मुंबईकडे पाठ करून, ठाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावा हात पश्चिम, उजवा पूर्व. डोंबिवलीतही हेच, फक्त तिथे तोंड कल्याणकडे. बाहेर रिक्षा शोधू नका, परळमध्ये रिक्षा नाहीतच. शीव आणि वांद्र्याच्या अलीकडे त्यांना मनाई आहे. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने घ्या, सुरुवात ३१ रुपयांपासून, नाहीतर बेस्टची बस, दहा रुपयांपासून. बसच्या कपाळावर क्रमांक मराठी आकड्यांत असतो, तुम्हाला आवडेल.

गावाहून येतानाचं राहिलंच. अकोल्याहून रात्रीच्या गाडीने येणार असाल तर दादरपर्यंत जाऊ नका, कल्याणला उतरा. डोंबिवली तिथून दुसरं स्टेशन. पण हातात बॅगा असतील आणि सकाळची वेळ असेल तर ती दोन स्टेशनंसुद्धा लोकलने नको, सरळ रिक्षा करा.

आणि आल्या आल्या परळला जाऊ नका. एक दिवस आधी, दुपारी बाराच्या सुमाराला, भाचीला किंवा शेजारच्या कुणाला घेऊन डोंबिवली ते ठाणे आणि परत एवढंच करा. तालीम म्हणून. जाताना त्यांनी बोलायचं नाही, तुम्ही न्यायचं त्यांना. फक्त तो दिवस रविवार नसावा. रविवारी मेगाब्लॉक असतो, दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद ठेवतात, धीम्या गाड्या जलद मार्गावरून वळवतात, गाड्या कमी असतात आणि गर्दी तीच. शनिवारच्या पेपरात कुठून कुठवर आहे ते छापून येतं. हे मी मुद्दाम इतरांसाठीही सांगते आहे, कारण नांदेड-बीडकडच्या मुलांची पत्रं येतात, नोकरीच्या परीक्षेला मुंबईला जायचंय म्हणून. परीक्षा बहुधा रविवारीच असते. बाळांनो, आदल्या दिवशी पोचा, केंद्र डोळ्यांनी बघून या आणि निघताना तासभर जास्त हातात ठेवा. आणि परळला उपचारांसाठी येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांनी गर्दीत उभं राहून प्रवास करू नये; हॉस्पिटलचा कागद जवळ असेल तर दिव्यांगांच्या डब्यातून त्यांना जाता येतं. हे अनेकांना महिनोन् महिने माहीत नसतं.

घरच्यांशी मात्र एक करार आधी करा, तोही लिहून: "मी चुकले तर पुढच्या स्टेशनावर उतरून उलटी येईन. तुम्ही होता तिथेच थांबायचं. अर्ध्या तासाच्या आत फोन करायचा नाही." वीस वर्षांपूर्वी एवढं ठरलेलं असतं तर त्या लग्नाचा किस्सा झालाच नसता. मोबाइल बंद पडेल म्हणून पर्समध्ये एक चिठ्ठी ठेवा: परळपासून डोंबिवलीपर्यंतची स्टेशनं ओळीने, आणि भाचीचा नंबर. काही अडचण वाटली, कुणी त्रास दिला, तर रेल्वेचा १३९ हा नंबर आहे.

एक शक्यता उरते. तालीम केलीत, दोन दिवस गेलात आणि तरीही छातीत धडधडतंच आहे. मग सोडून द्या आणि कॅबने जा, अगदी खुशाल. तुम्ही मुंबईला बहिणीजवळ बसायला चालला आहात, लोकलची परीक्षा द्यायला नाही. पण तो निर्णय तिसऱ्या दिवशी तुमच्या धडधडीवरून घ्या. आज भाचीच्या वाक्यावरून नको.

पहिली फेरी झाली की मला एक ओळ लिहा. परळला प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला आला, एवढंच. भाचीला विचारून नको.